रायबंदरच्या रांगेतली प्रार्थना

गोव्यातल्या चोडण बेटावर राहायचं म्हणजे रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची रांग आलीच. ऑफिस, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास यांत प्रार्थनेसाठी वेगळा अर्धा तास काही सापडेना. ‘वेळेचा सदुपयोग करा’ असं बायबलमध्ये प्रेषित पौल इफिसकरांना (५:१६) सांगतो, पण त्याला रायबंदरची रांग कुठे ठाऊक होती! शेवटी ती रांगच धरली. स्कूटर बंद केली की फोन डिकीत. हेल्मेट मांडीवर, एक स्तोत्र, मग घरच्यांची आणि आजारी शेजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना. बोटीत फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातल्या, म्हणजे बायबलच्या कथा सांगणाऱ्या मराठी काव्यातल्या, दोन-चार ओव्या. १६१६ साली राशोलला छापलेली ती मराठी जुनी खरी, पण ओवीच ती, चालीवर पाठ होते. रविवार चर्चमधल्या मिस्सेसाठी (उपासनेसाठी) मोकळा राहावा म्हणून इस्त्री शनिवारी रात्रीच उरकते. रांग लहान असली की प्रार्थनाही आटोपशीर.