पहिली खबर: आपत्तीतल्या संपर्काच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. ही बातमी बाहेर पोहोचवली ती एका एसटी चालकाने. नेहमीच्या फेरीवर आला, तर गाव दिसेना, नुसता चिखल. त्याने कळवलं, मग यंत्रणा हलली. २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी कुलाब्याच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून उतरले, तेव्हाही त्यांना पाहिलं ते वस्तीतल्याच माणसांनी.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींशी बोलताना मी या दोन घटनांपासून सुरुवात करते. उपग्रह, रडार, कॅमेरे, सॉफ्टवेअर हे सगळं लागतंच. पण पहिली खबर बहुतेक वेळा साध्या माणसाकडे असते. ती त्याच्याकडून निर्णय घेणाऱ्याकडे पोहोचवायची, आणि तिथला इशारा परत वाडीपर्यंत न्यायचा. आमचं काम ते एवढंच आणि ते फार अवघड आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्सची. हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या बिनतारी संचाच्या छंदातून इकडे आले आणि पुराच्या दिवसांत नियंत्रण कक्षात बसू लागले. म्हणून सांगते, नव्या माणसाने सगळ्यात आधी संदेश लिहायला शिकावं. वायरलेसचा सेट आठवड्याभरात हाताळता येतो. संदेश लिहिण्याची शिस्त अंगी मुरायला एक-दोन पावसाळे जातात.

‘माळवाडीत पाणी शिरलंय, लवकर बोट पाठवा.’ असा फोन आला तर काय कराल? माळवाडी, शिंदेवाडी, गावठाण ही नावं जिल्ह्याजिल्ह्यात ढिगाने. कोणता तालुका? ग्रामपंचायत कोणती? जवळचा पूल किंवा एसटी थांबा कोणता? पाणी स्वतः पाहिलं की कुणी सांगितलं? किती वाजता? माणसं किती, त्यांत अंथरुणाला खिळलेलं किंवा दिवस भरत आलेलं कुणी आहे का? फोन करणारा घाबरलेला असतो, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. एकेक प्रश्न शांतपणे विचारायचा आणि उत्तर आलं की तेच वाचून दाखवायचं.

आकड्यांची काळजी तर डोळ्यांत तेल घालून घ्यावी लागते. खरखरत्या सेटवर ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सहज एकमेकांत मिसळतात. म्हणून ‘पाच-नऊ’, ‘सहा-नऊ’ असं एकेक अंक सुटा बोलायचा. जीपीएसचं तर विचारूच नका. कोल्हापूर १६ अंश ४२ मिनिटं अक्षांशावर आहे. कुणी ते १६.४२ असं दशांशात टिपलं, तर बोट तीसएक किलोमीटर दक्षिणेला जाईल, कारण १६ अंश ४२ मिनिटं म्हणजे दशांशात १६.७०. मोजमाप कोणत्या पद्धतीचं आहे हे लिहिल्याशिवाय अक्षांश-रेखांश पुढे पाठवायचे नाहीत.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात हीच अडचण मोठ्या रूपात दिसते. कोल्हापुरात सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे असतं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ तीच ४० आणि ४५ फूट. २०१९ च्या पुरात पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. इकडे पातळी फुटांत. कोयनेचा साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, आणि ते धरण १०५ टीएमसीचं. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. खाली कर्नाटकात अलमट्टी धरणाची पातळी मीटरमध्ये. दोन राज्यं, जलसंपदा, महसूल, पोलीस, हवामान खातं, प्रत्येकाचे तक्ते वेगळे. हे सगळं एका कागदावर आणून ‘अमुक गावात पाणी साधारण कधी पोहोचेल’ हे सांगता आलं, तरच त्या आकड्यांचा गावाला उपयोग. निदान हा एक हिशेब पाठ करा: चोवीस तास ११,५७४ क्युसेक पाणी सोडलं की १ टीएमसी होतं. आणि सीमाभागात काम करायचं असेल तर कामापुरती कन्नड शिका. पलीकडच्या नियंत्रण कक्षातल्या माणसाशी त्याच्या भाषेत चार वाक्यं बोललात, तर पत्रापेक्षा लवकर उत्तर मिळतं.

आता संपर्क तुटण्याविषयी. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडात आलं, आणि रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस नव्हते. टॉवर उभा दिसला तरी त्याची बॅटरी काही तासांची असते, पुढे डिझेल लागतं, आणि डिझेल नेणारा रस्ता बंद असतो. फायबरची केबल बऱ्याचदा पुलावरून गेलेली असते. पूल गेला की केबलही गेली. म्हणून एका रस्त्यावर भरवसा ठेवायचा नाही. पोलिसांची बिनतारी यंत्रणा, उपग्रह फोन, हॅम, आणि सगळं बंद पडलं तर कोतवाल किंवा मोटारसायकलवरचा पोरगा, ही उतरंड आधीच ठरलेली हवी. उपग्रह फोनबद्दल एक सावधगिरी. परदेशातून कुणी आणलेला थुराया किंवा इरिडियमचा फोन वापरू नका, आपल्याकडे तो परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे.

हॅमवर माझं प्रेम आहे, ते लपवत नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर हॅम मंडळी सेट घेऊन तिथे गेली होती. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅमच्याच एका मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. मोहीम बाजूला ठेवून त्यांनी अंदमानचे निरोप मुख्य भूमीकडे पोहोचवायला घेतले. परवान्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की बसता येतं. रेडिओचं मूलभूत शास्त्र आणि नियम असे दोन भाग असतात, वरच्या श्रेणीला मोर्सची टिंब-रेघांची लिपीही. दहावीचं विज्ञान नीट झालेल्याला हे जड जाऊ नये.

परवाना मिळाल्यावर लोक हातातला, जवळच्या टप्प्याचा व्हीएचएफ सेट घेतात आणि थांबतात. सह्याद्रीत त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण या लहरी सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर आला की अडतात. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे साधारण तेवढ्या लांबीच्या लहरींसाठी, तारेचा अँटेना मुद्दाम बुटका बांधा. लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात आणि दोनतीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. दिवसा घाटमाथा असा ओलांडता येतो. रात्री बहुतेक वेळा ऐंशी मीटरवर जावं लागतं. एक मात्र विसरू नका, हॅमवरचं बोलणं कुणीही ऐकू शकतो आणि ते सांकेतिक करायला परवानगी नाही. मृतांची नावं, सुरक्षा दलांच्या हालचाली यांतलं काहीही तिथे बोलायचं नाही.

इशारा खाली पोहोचवण्याच्या बाजूला गेल्या काही वर्षांत खूप बदल झाला. २०२३ मध्ये देशभर फोन एकदम किंचाळले होते, आठवतं? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. एसएमएस एकेका नंबरला रांगेने जातो. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना संदेश एकदम देतो, त्याला नंबर लागत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची इशारे देणारी ‘सचेत’ प्रणाली आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजांचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप दोन्ही स्वतःच्या फोनवर लावून बघा. संगणकाकडून येणाऱ्यांनी ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’, म्हणजे इशारा कोणत्या साच्यात लिहायचा याचा ठरलेला नमुना, मुळापासून वाचावा. त्यात तातडी, तीव्रता आणि खात्री वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात. ही विभागणी मला फार मोलाची वाटते. संकट मोठं आहे पण खात्री कमी आहे, हे अधिकाऱ्याला स्पष्ट दिसलं तर तो निर्णय टाळत नाही. मात्र इशारा मराठीत, छोटा, आणि काय करायचं ते सांगणारा हवा. ‘अतिवृष्टीची शक्यता’ वाचून म्हातारी आजी गोठ्यातून उठत नाही. ‘आज अंधार पडायच्या आत जनावरं सोडा आणि शाळेत जा’ म्हटलं तर उठते.

अफवा हा तर वेगळाच पूर. ‘धरण फुटलं’ असा एक ऑडिओ फिरला की रस्ते तुंबतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार खोटा इशारा पसरवणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. तरी कलम दाखवण्याआधी खरी माहिती दर तासाला, ठरलेल्या वेळी द्या. नवं काही नसेल तर ‘बदल नाही’ एवढं तरी सांगा. लोक वाट बघत असतात.

शिकायचं कुठे? मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे, पुण्यात यशदा या राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेची प्रशिक्षणं होतात. पोलीस बिनतारी विभागाच्या भरतीवर लक्ष ठेवा. राष्ट्रीय प्राधिकरणाची ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टीम’ची, म्हणजे आपत्तीत कुणी कोणतं काम करायचं या रचनेची, २०१० ची मार्गदर्शिका वाचा, कोण कुणाला कळवणार हे तिच्याशिवाय समजत नाही. नागरी संरक्षण दलात नाव घाला. ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावात भोंगे वाजले, तेव्हा ही जुनी संघटना नव्या पिढीला पहिल्यांदा दिसली. जिल्हा पातळीवरच्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात आणि पगार बेताचा. घरच्यांना हे आधीच सांगून या.

आणि पहिलं काम मिळालं की मे महिन्याच्या शेवटी तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, होडीवाले, जेसीबीवाले यांच्या यादीतला प्रत्येक नंबर स्वतः फिरवून बघा. सरकारी बदल्या उन्हाळ्यात होतात, त्यामुळे मार्चची यादी जूनपर्यंत शिळी झालेली असते. दुरुस्त यादी छापून भिंतीवर लावा, एक प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून वरच्या मजल्यावर ठेवा, आणि तिथेच सेटची दुसरी बॅटरी चार्ज करून ठेवा.