डिझेल गाडीला बूस्ट गेज: टी कुठं मारायचा अन् काटा कसा वाचायचा

आधीच सांगतो, बूस्ट गेज बसवल्यानं गाडी जास्त पळत नाही. माझ्या गाडीत मीटर बघितलं की पोरं पहिलं हेच विचारतात, "पिकअप वाढला का भाऊ?" अरे कामून वाढंल, थर्मामीटर लावल्यानं कुणाचा ताप उतरलाय का. टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप, इंजिनात बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाबानं हवा कोंबतोय एवढंच ते दाखवतं, पण तेवढं जरी नीट वाचता आलं ना तर गॅरेजवाल्यानं उगीच टर्बो उघडायच्या आधी आपल्याला कळतं की बिघाड दुसरीकडंच आहे.

गेज विकत घ्यायच्या आधी एक स्वस्त उपाय करून बघा. ओबीडी सॉकेटमध्ये (डॅशबोर्डखाली स्कॅनर लावायची जागा) लागणारा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाईलवर टॉर्कसारखं अ‍ॅप. चावी ऑन करा पण इंजिन चालू करू नका, मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा बघा. छत्रपती संभाजीनगरात तो ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास येतो, कारण शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, मुंबईत हाच आकडा १०१ च्या जवळ दिसंल. ही झाली बाहेरच्या हवेची पातळी. आता गाडी जोरात दाबल्यावर मॅप २३५ दाखवत असंल तर २३५ वजा ९५, म्हणजे १४० किलोपास्कल, म्हणजे १.४ बार, म्हणजे साधारण २० पीएसआय बूस्ट. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय एवढं पाठ ठेवा, बाकी गणित आपोआप जमतं. अडचण एवढीच की डोंगलचा आकडा जरा थांबून थांबून येतो आणि काही गाड्यांत तो २५५ च्या वर जातच नाही.

खरा गेज घ्यायचा तर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक. मेकॅनिकलमध्ये हवेची बारीक नळी थेट डॅशबोर्डपर्यंत येते, इलेक्ट्रॉनिकमध्ये सेन्सर बोनेटखालीच राहतो आणि आत फक्त वायर येते. मी म्हणंन इलेक्ट्रॉनिकच घ्या, मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ डिग्रीत बोनेटखाली प्लास्टिकच्या नळीचे काय हाल होतात ते मी बघितलंय.

आता मेन गोष्ट, टी (गेजसाठी हवा घ्यायला नळीत टाकायचा तीन तोंडांचा जोड) मारायची जागा. इथंच मी शेण खाल्लं होतं. बोनेट उघडल्यावर हाताला येईल अशी एक छान पातळ काळी नळी दिसली, कापली, टी टाकला, गाडी चालू केली तर काटा सरळ व्हॅक्यूमकडं जाऊन चिकटला आणि कितीही रेस केली तरी तिथंच. वर गाडीचा दमच गेला. नंतर कळलं की ती टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरची नळी होती, बऱ्याच डिझेल गाड्यांत व्हीजीटी टर्बो असतो, म्हणजे आतल्या पात्या हलवून बूस्ट कमीजास्त करणारा, त्या पात्या हलवणारा अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूमवरच चालतो आणि तो व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून येतो. ब्रेक बूस्टरच्या नळीचंही तेच, तिला तर हातच लावू नका, ब्रेकशी खेळ नको. डिझेलमध्ये टॅपिंग घ्यायचं ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) ते इनटेक मॅनिफोल्ड (सिलेंडरांना हवा वाटणारा पाइप) या थंड बाजूच्या पाइपवर, नाहीतर मॅप सेन्सरच्या खाली बसणारा अ‍ॅडॅप्टर मिळतो तो लावायचा. पेट्रोल टर्बो असंल तर थ्रॉटल बॉडीच्या पुढं मॅनिफोल्डवर. पाइपला ड्रिल मारायचं असंल तर तो गाडीतून काढून, बाहेर नेऊन मारा आणि आतून पुसून घ्या, कारण धातूचा एक बारीक कीस जरी इंजिनात गेला तरी सिलेंडरची वाट लागते. गाडी वॉरंटीत असंल तर कापाकापी करूच नका, डोंगलवर भागवा.

सेन्सर टॅपिंगच्या जागेपेक्षा थोडा वर बसवा, म्हणजे इनटेकमधलं तेल त्यात साचत नाही. नळीचा तुकडा टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा, दोन्ही टोकांना क्लिप मारा. वायर आत घेताना फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) रबरी बुचातूनच घ्या, उघड्या पत्र्यावर घासली की शॉर्ट. लाल वायर चावी ऑन केल्यावर करंट येणाऱ्या फ्यूजवरून, मध्ये छोटा फ्यूज टाकून, काळी बॉडीला रंग खरवडून. लाइटची वायर पार्किंग लाइटला. काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस काढा हे वेगळं सांगायला नको.

वाचायचं कसं? डिझेल आयडलला काटा शून्याच्या आसपास राहतो, घाबरू नका, गेज बिघडलेला नाही. पेट्रोल मात्र आयडलला व्हॅक्यूम दाखवतं, गरम इंजिनला पाऱ्याचे १७ ते २० इंच. सपाट रोडवर ८० च्या स्पीडला शांत चालवताना डिझेल थोडाच बूस्ट मारतं, आणि तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण दाबलं की खरा आकडा येतो. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा, म्हणून मित्राच्या गाडीशी तुलना करत बसू नका. गाडी ठणठणीत असताना आपला आकडा काढा. मी धुळे-सोलापूर हायवेवर मोकळा चढ बघून काढला, बाजूला भावाला बसवून मोबाईलवर काट्याचा व्हिडिओ घ्यायला लावला, स्वतः काटा बघत गाडी चालवू नका. माझा आला १८ पीएसआय. सनवायझरच्या मागं टेपवर लिहून ठेवलाय.

दीड वर्षानं तोच चढ, तोच गियर, काटा ११ वर थांबला. धूर काळा, अन् दाबलं की फुस्स असा आवाज. गॅरेजवाला म्हणला टर्बो गेला, मोठा खर्च सांगितला. मी म्हणलं थांबा जरा. इंटरकूलरच्या रबरी होजवर क्लिपच्या कडेला एका जागी धूळ तेलकट होऊन चिखलासारखी चिकटली होती, बाकी होज कोरडा. क्लिप सैल करून होज वाकवला तर बोटभर चीर. इनटेकमध्ये तेलाचा ओलावा असतोच, तो चिरेतून बाहेर येतो आणि आपल्याकडची धूळ त्याच्यावर बसते. होज बदलला, काटा परत १८.

तेव्हा बूस्ट कमी झाला की आधी होज, क्लिपा, चोंदलेला एअर फिल्टर आणि व्हॅक्यूमच्या नळ्या बघा, टर्बो शेवटी. स्कॅनरवर पी०२९९ कोड आला तर तो याच कमी बूस्टचा. उलट काटा नेहमीच्या आकड्याच्या वर पळाला आणि गाडी एकदम दम सोडून लिम्प मोडमध्ये (इंजिन वाचवायला कंप्युटर ताकद कमी करतो तो) गेली, कोड पी०२३४, तर बऱ्याचदा व्हीजीटीच्या पात्या काजळीनं अडकलेल्या असतात. तेव्हा गाडी दाबू नका, हळूहळू घरी न्या.