जावा: डेटा टाइप आणि अ‍ॅरेमधल्या या चुका टाळा

एडिटर लाल रेघ दाखवतो त्या चुका दोन मिनिटांत सुटतात. दिवस खातात त्या गप्प बसणाऱ्या चुका. प्रोग्रॅम चालतो, उत्तर देतो, आणि ते उत्तर चुकीचं असतं. म्हणून आधी त्यांच्याकडे बघू.

इंट भरून वाहतो. इंट हा पूर्णांकांचा टाइप, ३२ बिटांचा. त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. त्यापुढे गेलात तर जावा एरर देत नाही, आकडा सरळ ऋण टोकाला जाऊन पडतो. तीस दिवसांचे मिलिसेकंद काढायला ३० * २४ * ६० * ६० * १००० लिहा. २,५९,२०,००,००० ऐवजी -१,७०,२९,६७,२९६ येतं. हाच हिशेब २४ दिवसांपर्यंत अगदी बरोबर असतो आणि २५ दिवसांना बिघडतो, त्यामुळे आठवड्याचा डेटा घेऊन केलेल्या टेस्टमध्ये काहीच दिसत नाही.

इथे बरेच जण उत्तराचा व्हेरिएबल लाँग (मोठ्या पूर्णांकांचा टाइप) करतात आणि तरी ऋण आकडा बघून चक्रावतात. गुणाकार इंट-इंटचाच झालेला असतो. लाँगमध्ये जातं ते आधीच बिघडलेलं उत्तर. पहिल्याच आकड्याला कॅपिटल एल जोडा, म्हणजे सगळा गुणाकार लाँगमध्ये होईल. हिशेब चुकून चालणारच नसेल तर जावा ८ पासून मिळणारं मॅथ.मल्टिप्लायएक्झॅक्ट वापरा, ते मर्यादा ओलांडली की एक्सेप्शन फेकतं.

ही फक्त नवशिक्यांची चूक समजू नका. जावाच्या स्वतःच्या बायनरी सर्चमध्ये (सॉर्ट केलेल्या अ‍ॅरेत अर्धा-अर्धा भाग वगळत शोधणं) मधला इंडेक्स काढताना लो आणि हाय या दोन टोकांच्या इंडेक्सची बेरीज करून दोनने भागलं जायचं, आणि प्रचंड मोठ्या अ‍ॅरेत ती बेरीज ऋण व्हायची. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली हे जाहीरपणे मांडलं.

भागाकाराचंही तसंच: ७ / २ डबलमध्ये (दशांश आकड्यांचा टाइप) ठेवलं तरी ३.० येतं. एक बाजू ७.० करा. आणि पैशांसाठी डबल नकोच. ०.१ + ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेवटी शेपूट लागतं. रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून लाँगमध्ये ठेवा, नाहीतर अचूक दशांशासाठीचा बिगडेसिमल घ्या.

इंटिजरची (इंटचं ऑब्जेक्ट रूप) == ने तुलना. १२७ आणि १२७ ची तुलना ट्रू, १२८ आणि १२८ ची फॉल्स! कारण -१२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर ऑब्जेक्ट जावा आधीच तयार ठेवून तेच तेच वापरते; त्यापुढे सहसा नवा ऑब्जेक्ट बनतो आणि == फक्त ऑब्जेक्ट एकच आहे का ते बघतं. इक्वल्स वापरा.

अ‍ॅरेची खोटी कॉपी. रोल नंबरच्या क्रमाने भरलेला गुणांचा अ‍ॅरे दुसऱ्या नावाला = ने दिला आणि त्या दुसऱ्याला सॉर्ट केलं, की मूळ क्रमही गेला. अ‍ॅरे एकच, नावं दोन. क्लोन करा. पण द्विमितीय अ‍ॅरेत क्लोन फक्त बाहेरचा थर कॉपी करतो, आतल्या ओळी त्याच राहतात. प्रत्येक ओळ वेगळी क्लोन करावी लागते.

नवा इंट अ‍ॅरे शून्यांनी भरलेला मिळतो, स्ट्रिंगचा मात्र नलने, म्हणजे कुठलाच ऑब्जेक्ट नसलेल्या जागांनी. नलपॉइंटर एक्सेप्शन आलं की आधी हे तपासा.

आणि इंडेक्सच्या एक्सेप्शनमध्ये इंडेक्स ५, लेंग्थही ५ असं दिसलं, तर लूपच्या अटीत < च्या जागी <= पडलं आहे का ते पहिल्यांदा बघा. बहुतेक वेळा तेच निघतं.