कर्करोगाचा जनुकीय तपासणी अहवाल कसा वाचावा

गाठीच्या जनुकीय तपासणीचा अहवाल हाती आला की रुग्णाची आणि नातेवाइकांची नजर आधी औषधाच्या नावाकडे जाते. ते साहजिकच आहे. परंतु एखादे औषध का सुचवले किंवा का नाकारले, हे समजून घ्यायचे असेल तर पेशीतील संदेशाचा मार्ग आधी माहीत असावा लागतो.

वाढीचा संदेश पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआरसारखे ग्राही प्रथिन स्वीकारते, तिथून तो रास, रॅफ, मेक आणि अर्क या प्रथिनांमार्फत क्रमाने केंद्रकापर्यंत जातो, आणि काम झाले की ही साखळी शांत होते. यांपैकी एखाद्या प्रथिनाच्या जनुकात विशिष्ट उत्परिवर्तन (म्हणजे जनुकाच्या रचनेतील बदल) झाले, तर ते प्रथिन बाहेरून संदेश आला नसतानाही कार्यरत राहते आणि पेशी विभागत राहते.

अहवालात प्रथम नमुन्याची माहिती पाहावी. नमुन्यात कर्कपेशी पुरेशा नसतील, तर ‘उत्परिवर्तन आढळले नाही’ या शेऱ्यावर विसंबता येत नाही.

त्यानंतर जनुकाचे नाव आणि त्यातील नेमका बदल, हे दोन्ही एकत्र वाचावेत. ‘एल८५८आर’ म्हणजे ईजीएफआर प्रथिनात ८५८ व्या स्थानी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल आले आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगात हा बदल असेल तर ओसिमर्टिनिबसारखे ईजीएफआररोधक औषध उपयोगी पडते. बदलापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असे लिहिले असेल, तर त्यावरून उपचार ठरवला जात नाही.

पुढची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: बिघाड मार्गावर नेमका कुठे आहे, हे पाहावे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सेटक्सिमॅब हे औषध ईजीएफआरला अडवते. पण केरास या रास गटातील जनुकात उत्परिवर्तन असेल तर संदेश ईजीएफआरच्या पुढच्या टप्प्यावरच निर्माण होत असतो आणि सामान्यतः या औषधाचा उपयोग होत नाही. म्हणूनच ते देण्यापूर्वी रास जनुकांची तपासणी केली जाते. मात्र अवयव बदलला की गणितही बदलते. बीरॅफ या रॅफ गटातील जनुकातील ‘व्ही६००ई’ हा बदल त्वचेच्या मेलॅनोमात असेल, तर बीरॅफरोधक औषधाने गाठी झपाट्याने आक्रसू शकतात. तोच बदल आतड्याच्या कर्करोगात असताना एकटे बीरॅफरोधक औषध फारसे चालत नाही, कारण बीरॅफ अडवताच ईजीएफआर पुन्हा जोमाने सक्रिय होते. तिथे दोन्ही टप्पे एकाच वेळी अडवावे लागतात. त्यामुळे दुसऱ्या रुग्णाच्या अहवालात तेच उत्परिवर्तन दिसले, तरी त्याला दिलेले औषध आपल्यालाही लागू पडेल असे मानू नये.

स्तनाच्या कर्करोगात हर-२ या, ईजीएफआरसारख्याच ग्राही प्रथिनाची श्रेणी ० ते ३+ अशी दिलेली असते. ३+ म्हणजे हर-२ सकारात्मक; २+ असेल तर निर्णयासाठी सहसा फिश (पेशीत हर-२ जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का, हे पाहणारी) ही पुढील तपासणी करतात.

शेवटी अहवालाची तारीख पाहावी. औषधाच्या दबावाखाली कर्कपेशी नवे बदल मिळवतात: फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी जेफिटिनिब हे ईजीएफआररोधक औषध घेणाऱ्या अनेक रुग्णांत कालांतराने ईजीएफआरमध्ये ‘टी७९०एम’ हे उत्परिवर्तन येते आणि ते औषध निष्प्रभ होते, तर ओसिमर्टिनिब त्या बदलावरही काम करते. म्हणून उपचार चालू असताना आजार पुन्हा वाढू लागला, तर जुन्याच अहवालावर पुढचे औषध न ठरवता नवी बायॉप्सी किंवा कर्करोगाच्या गाठीतून रक्तात आलेल्या डीएनएची तपासणी करता येईल का, हे कर्करोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे.