लाल डोळा आणि आखडलेली कंबर : या चुका टाळा

नागपुरात पावसाळा लागला की घरोघरी डोळे येतात, आणि त्या साथीत एखाद्याचा निराळाच लाल डोळा सहज दुर्लक्षित राहतो. साथीत चिपडे येतात, डोळे चुरचुरतात आणि बहुधा एकापाठोपाठ दोन्ही लाल होतात. मात्र एकच डोळा लाल होऊन आतून ठणकत असेल, उजेड सोसवत नसेल, नजर धूसर झाली असेल आणि चिपडे नसतील, तर तो युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह असू शकतो. अशा वेळी गुलाबपाणी घालून वाट पाहू नये. दाह लांबला तर बुबुळाचा रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, बाहुली वेडीवाकडी होते आणि काचबिंदूचा धोका उभा राहतो.

मागच्या वेळचे उरलेले स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घालणेही तितकेच घातक आहे, कारण लाली हर्पिसच्या विषाणूमुळे असेल तर त्याच थेंबांनी बुबुळावरची जखम चिघळते. डॉक्टरांनी दिलेले थेंब बरे वाटताच एकदम बंद करू नयेत; ते हळूहळू कमी करायचे असतात.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरांना कंबरेविषयी न सांगणे. पहाटे कंबरदुखीने जाग येणे, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ अंग आखडलेले राहणे आणि विश्रांतीऐवजी हालचालीने बरे वाटणे, हे चाळिशीच्या आत सुरू झाले असेल तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची, म्हणजे मणक्याच्या संधिवाताची, शंका घ्यावी लागते; या आजारात डोळ्यातही युव्हिआयटिस होऊ शकतो. त्यासाठी एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी करतात, परंतु ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार असतोच असे नाही. वारंवार तोंड येणे, सोरायसिस, जुनाट जुलाब हेही सांगावे. आपल्याकडे क्षयरोगानेही असा दाह होतो, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देण्यापूर्वी त्याची तपासणी टाळता येत नाही.

मुलांच्या बाबतीत तर लालीची वाट पाहणेच चूक ठरते. संधिवात असलेल्या लहान मुलाचा डोळा पांढराशुभ्र दिसतो, दुखत नाही, तरी आत दाह चालू असू शकतो. एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असलेल्या अशा लहानग्यांची स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शक यंत्रावर, साधारणतः दर ३ महिन्यांनी तपासणी करतात.

भंडारा-गोंदियाहून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्यांनी कोणता डोळा, कोणत्या महिन्यात, किती दिवस लाल होता आणि कोणते थेंब घातले, हे एका कागदावर लिहून आणावे, आणि तोच कागद संधिवाततज्ज्ञांनाही दाखवावा.