निकाल महाराष्ट्राचा, टीव्ही बेळगावातला

महाराष्ट्र विधानसभेच्या मतमोजणीला चार माणसं घरी बोलावणार असाल, तर आधी उठून टीव्ही लावा आणि मराठी बातम्यांची वाहिनी दिसते का ते बघा. मालिकांची नव्हे, बातम्यांची. बाकीचं मग वाचा.

२३ नोव्हेंबर २०२४ ला मी हे बघितलं नव्हतं. आमच्या घरी रोज रात्री मराठी मालिका लागतात, म्हणून बातम्याही लागणारच असं धरून चाललो. सकाळी पावणेआठला नऊ माणसं येऊन बसली. वाहिनी लावली, तर पॅकमध्ये नाही अशी पाटी. दुसरी लावली, तीच पाटी. इकडे बेळगावात केबलचा साधा पॅक कन्नड वाहिन्यांचा असतो, मराठी वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि मराठीतही मालिका वेगळ्या नि बातम्या वेगळ्या. त्याच दिवशी चन्नपट्टण, शिग्गाव आणि संडूर या कर्नाटकातल्या पोटनिवडणुकांची मोजणी होती. त्यामुळे लागत होत्या त्या वाहिन्यांवर सगळं चन्नपट्टण. केबलवाला फोन उचलेना. त्याला तरी काय म्हणणार, त्या सकाळी सगळं गाव त्यालाच फोन लावत असणार.

तरणी पोरं गाड्या काढून वेंगुर्ला रोडने शिनोळीला गेली. शिनोळी महाराष्ट्रात, तिथल्या हॉटेलात टीव्हीवर सगळं चालू होतं. पण शेजारचे आप्पा ८४ वर्षांचे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. तेव्हापासून महाराष्ट्राची एकही निवडणूक त्यांनी सोडलेली नाही, मत नसताना. ते गाडीवर बसू शकत नाहीत आणि मोबाइलवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत. बारा वाजेपर्यंत ते त्या पाटीसमोर बसून होते आणि मी त्यांना आकडे वाचून दाखवत होतो. म्हणून सांगतोय. वाहिनी बघा.

कधी बघायची? किमान आठ दिवस आधी. एक नको, दोन घ्या. एकीवर जाहिराती लागल्या की दुसरी. केबलवाल्याला बॉक्सचा नंबर लागतो, तो आधीच वहीत लिहून ठेवा. वाहिनी चालू करायचा संदेश तो पाठवतो तेव्हा बॉक्स सुरू असावा लागतो, नाहीतर ‘सोडली की हो’ असं तो म्हणतो आणि तुमच्याकडे काही येत नाही. पॅक कुठल्या तारखेला संपतो तेही विचारा. मोजणीच्या आदल्या रात्री संपत असेल तर आधीच भरा. आणि मतदानाच्या दिवशी संध्याकाळी तालीम करा. २०२४ ला मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि साडेसहापर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदी होती. साडेसहा झाले की तीच वाहिनी, त्याच टीव्हीवर लावायची. लागली तर ठीक, नाही लागली तरी हातात दोन दिवस आहेत. एक्झिट पोल काय म्हणतो त्याला महत्त्व नाही, वाहिनी लागते का त्याला आहे.

मोबाइलवर बघू, असं कुणीतरी म्हणेलच. मराठी बातम्या यूट्यूबवर थेट दिसतात, हे खरं. पण दहा माणसं सहा इंचात डोकं घालत नाहीत, आणि दिवसाचा दीड-दोन जीबीचा डेटा निम्म्या मोजणीतच संपतो. मोबाइल टीव्हीला जोडणार असाल तर ती जोडणीही आदल्या दिवशी करून बघा, वायर कुणाकडे आहे तेही. हा दुसरा आधार झाला. पहिला आधार वाहिनीच.

लाईट गेली तर? इन्व्हर्टरवर टीव्ही आणि बॉक्स दोन्ही आहेत का बघा. पुष्कळ घरांत दिवे-पंखेच असतात.

आता कागद. यावर वेळ घालवा, कारण कागदाशिवाय नुसता आकडा डोक्यावरून जातो. २८८ जागा, बहुमत १४५, हे सगळ्यांना पाठ असतं. मागचा निकाल मात्र समोर पाहिजे. २०१९ ला भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. मग २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी, आणि २०२४ ला जुना आकडा कुणाचा धरायचा यावरून आमच्यात अर्धा तास गेला. आता २०२४ चा लिहून ठेवा: भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, समोर ठाकऱ्यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारसाहेबांची राष्ट्रवादी १०.

त्याखाली आपल्या जवळच्या जागा मतदारसंघाच्या क्रमांकासकट वेगळ्या लिहा, कारण वाहिन्या बारामती आणि वरळी सोडत नाहीत. चंदगड २७१, कागल २७३, इचलकरंजी २७९, शिरोळ २८०. चंदगड तर आपल्या उंबऱ्याला लागून. निम्म्या बेळगावच्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत. तिथे २०१९ ला राष्ट्रवादीचे राजेश पाटील आले होते, २०२४ ला अपक्ष शिवाजी पाटील. हे मला टीव्हीवरून नव्हे, कोवाडच्या बहिणीच्या फोनवरून कळलं. तिकडच्या एका पाहुण्याला आधी सांगून ठेवा, फेरीगणिक फोन करील असा. निपाणीकरांनी कागल धरावं. कोथरूड आणि पाटणवरही खूण करा. २०२२ ला सीमाप्रश्नाच्या समन्वयाचं काम चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई यांच्याकडे दिलं होतं, त्यांच्या या जागा. मत नाही तर एवढी तगमग कशाला, असं विचारणारे भेटतात. सर्वोच्च न्यायालयातला सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्र सरकारने २००४ ला दाखल केला आणि तो चालवायचाही त्याच सरकारने. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना २०२३ ला लागू झाली तीही मुंबईतूनच. तिथे कोण बसतं याचा आपल्या घराशी संबंध आहे.

मोजणी आठला सुरू होते. आधी टपाली मतं, अर्ध्या तासाने मशीन. साडेनऊपर्यंत कुणाचं अभिनंदन करू नका आणि कुणाला शिव्याही घालू नका. सहसा एका फेरीत चौदा टेबलं. म्हणजे साडेतीनशे केंद्रं असली तर पंचवीस फेऱ्या. पाचव्या फेरीची आघाडी म्हणजे वीस फेऱ्या बाकी. वाहिनीचा आकडा भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळापेक्षा पुढे पळतो. वहीत लिहायचा तो आयोगाचा, तोही ‘आघाडीवर’ आणि ‘विजयी’ वेगवेगळे. एक लक्षात ठेवा: महापालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे आकडे भारत निवडणूक आयोगाच्या निकालाच्या पानावर येत नाहीत. ते तिथे शोधत बसू नका. त्या दिवशी तर पुन्हा वाहिनीच.

कुणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवा. आमच्यात महाराष्ट्र एकीकरण समितीचे आहेत, दोन्ही सेनांचे आहेत, भाजपचे आहेत. वाद होऊ द्या, टोप्या-उपरणी घरी ठेवून या म्हणावं. शेजारचे कन्नड काका-काकू आले तर जागा करून द्या. गेल्या वेळी त्यांना शिग्गावचा निकाल हवा होता, काकूंच्या माहेरच्या बाजूचा, आणि तो बघून झाल्यावरही ते आमच्यासोबत बसले. फटाके मात्र गल्लीत नकोत, कुणीही येवो. पोलीस येतात आणि पोरांची नावं लिहून नेतात.

खाणं: सकाळी उप्पीट, अकराला गिरमिट आणि मिरची भजी, चहाचा थर्मास भरलेला. कुंदा दुपारीच आणून ठेवा, संध्याकाळी मिळत नाही. जेवण साधं करा, वहिनींनाही निकाल बघायचा असतो.

दुपारनंतर माणसं पांगतात. चार्जर. पाणी. वयस्करांना पाठीला टेका असलेली खुर्ची.

आप्पांना आधी आणून बसवा, टीव्हीपासून चार हातांवर, आणि ते येण्याआधी एकदा शेवटचं, वाहिनी लावून बघा.