ब्रेक पॅड घरीच बदलताय? या चुका टाळा

पावसाळ्यात रात्रभर अंगणात उभी राहिलेली गाडी सकाळी हलवली की चाकांतून खर्र आवाज येतो. गोव्यात पेडण्यात काय नि काणकोणात काय, तेच. तो ऐकून लगेच पॅड आणायला धावू नका. दमट हवेने चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो, पाच-सहा वेळा ब्रेक दाबला की खरवडून जातो. नाक्यापर्यंत जाऊनही आवाज थांबला नाही, तर मात्र चाक काढा. पॅड संपल्याची किंचाळी वेगळी, शिट्टीसारखी बारीक. पण तो इशारा देणारी पत्री सगळ्याच पॅडना नसते.

चाकाच्या फटीतून डोकावून ‘अजून आहेत’ म्हणणारे पुष्कळ. तिथून दिसतो तो बाहेरचा पॅड. माझा बाहेरचा चांगला सहा मिलिमीटर होता आणि आतला पार पत्र्याला टेकलेला, कारण कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनेवर सरकतो ती गंजून धरली होती. मी शहाण्याने नवे पॅड घातले, पिन तशीच ठेवली. चार महिन्यांत पुन्हा आतलाच गेला! पिन साफ करून तिला ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. मागचा पत्रा सोडून तीन मिलिमीटर उरलं की पॅड बदला, तेही डाव्या-उजव्या चाकाचे एकदम.

गाडीखाली टेकू म्हणून जांभ्याचे चिरे रचू नका. चिरा भिंतीत कितीही दणकट वाटो, अशा वजनाखाली फुटू शकतो. गाडी पेलणारा लोखंडी जॅक-स्टँडच हवा. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. सोडवलेला कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका, सुंभाने वर बांधा. नव्या पॅडला जागा करायला कॅलिपरमधला पिस्टन आत ढकलताना ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष असू दे. ऑइल उतू जाऊन रंगावर सांडलं तर रंग सोलतो. मागे डिस्क असेल, तर काही गाड्यांत पिस्टन फिरवत आत घालावा लागतो. तिथे जोर लावाल तर कॅलिपर जाईल.

आणि चाक बसवल्यावर थेट गाडी काढायची नाही. मी काढली होती. रिव्हर्स घेताना पेडल तळाला गेलं, हँडब्रेक ओढला म्हणून तुळशीवृंदावन वीतभर अंतराने वाचलं. ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत परत यायला हवा, म्हणून पेडल कडक लागेपर्यंत जागेवरच दाबत राहा, मग ऑइलची पातळी बघा. नवे पॅड डिस्कवर बसायला थोडे दिवस लागतात. तोवर चोर्ला घाटासारखे उतार नकोत.